नातीची गिटार आणि माझी हिशेबाची वही



लोणची, पापड, पर्युषणातली तयारी आणि घरखर्च यांवर लिहिणारी ही बाई आज गिटारच्या सॉफ्टवेअरवर काय लिहिणार, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. पण आपल्यातल्या कितीतरी घरांत आता कपाटाला टेकून एक गिटार उभी असते. मुलाची असते, नाहीतर नातवंडाची. तिच्यासाठीचे पैसे घरातून जातात आणि तिचा आवाज घरातच येतो. म्हणजे हा विषय घर चालवणाऱ्या बाईचाच झाला. पोरं नावं सांगतात, वडील कार्ड देतात, आणि घेतलेली वस्तू सहा महिन्यांत पडून राहते. हे होऊ नये म्हणून काय पाहावं, ते लिहिते आहे.

आमची नात अकरावीसाठी आमच्याकडे सांगलीला राहायला आली. मुलगा-सून नोकरीनिमित्त हुबळीला. मुलगी अबोल, नवं गाव, नवं कॉलेज. सोबतीला एक इलेक्ट्रिक गिटार आणि एक छोटा स्पीकर, ज्याला ती ॲम्प म्हणते. आमच्या घरी जेवणं सूर्यास्तापूर्वी उरकतात. हे पहाटे साडेचारला सामायिकाला बसतात, म्हणून नऊला घर झोपतं. तिचा अभ्यास संपतो तोही नऊलाच. म्हणजे तिची वाजवायची वेळ आणि आमची झोपायची वेळ एकच. त्यात खालच्या मजल्यावर तान्हं बाळ. एकदा खालून निरोप आला, एकदा यांची झोपमोड झाली, आणि पोरीनं काही न बोलता गिटार पिशवीत घालून ठेवली. तीन आठवडे ती पिशवी उघडली नाही. कुणी रागावलं नव्हतं, पण ती जेवतानाही बोलेनाशी झाली होती. मला काळजी गिटारची नव्हती, तिची होती.

मग तिनंच सांगितलं, "आजी, ॲम्प सॉफ्टवेअरमध्येही मिळतो. हेडफोन लावला की बाहेर काही ऐकू जात नाही."

आधी थोडं समजून घेऊ. इलेक्ट्रिक गिटारला पोट नसतं, लाकूड भरीव असतं. तारा छेडल्या तर जेमतेम कुजबुज ऐकू येते. आवाज मोठा करण्याचं आणि त्याला रंग देण्याचं काम ॲम्प करतो. जुन्या ॲम्पमध्ये रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्ह असत. ते जोरात चालवले की आवाज थोडा फाटतो, आणि तो फाटलेला आवाजच लोकांना आवडला. गंमत अशी की तो रंग हवा तर ॲम्प मोठ्यानंच वाजवावा लागतो. सॉफ्टवेअर हेच गणितानं करतं. ॲम्प, त्याची स्पीकरची पेटी आणि पेटीसमोरचा माइक, तिन्हींची नक्कल संगणकात होते. आवाज हेडफोनमध्ये येतो आणि घर शांत राहतं. हे काही कालचं नाही. लाइन सिक्स या कंपनीनं 1998 मध्ये पॉड नावाचा लाल डबा काढला होता, थेट राजम्याच्या दाण्याच्या आकाराचा. त्याच्या आत अशाच नकला होत्या. आता तो डबाही लागत नाही, लॅपटॉप पुरतो.

आपल्या घरात हमखास निघणारी एक शंका इथेच मिटवते. जुन्या गिटारींना जनावरांच्या आतड्यांच्या तारा असत. इलेक्ट्रिक गिटारला त्या चालतच नाहीत, कारण तिच्या खालच्या चुंबकाला पोलाद किंवा निकेलचीच तार लागते. मात्र तारा ज्या छोट्या पट्टीवर टेकतात ती काही गिटारींत हाडाची असते, आणि खांद्यावरचा पट्टा चामड्याचा असू शकतो. दोन्हींना कृत्रिम पर्याय मिळतात. घेतानाच विचारावं.

आता पैशांकडे वळू. पहिला खर्च सॉफ्टवेअरचा नसतो. गिटार लॅपटॉपला जोडण्यासाठी ऑडिओ इंटरफेस नावाची पेटी लागते. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात गिटारची वायर घातली तर आवाज दबलेला आणि खरखरीत येतो, कारण ते भोक गिटारसाठी बनवलेलंच नसतं. पेटी घेताना तिच्यावर गिटारसाठी वेगळी जागा आहे ना, बटणापाशी 'इन्स्ट्रुमेंट' लिहिलंय ना, ते पाहा. दुसरी गोष्ट हेडफोन, तोही वायरचा. हल्ली घरोघरी बिनवायरचे ब्लूटूथ हेडफोन असतात. गाणी ऐकायला ते छान, पण वाजवायला निरुपयोगी. तार छेडल्यावर आवाज इतका उशिरा येतो की पूर्वीच्या परदेशी ट्रंक कॉलची आठवण व्हावी. आपण बोलावं आणि पलीकडून उत्तर मागाहून यावं, तसं.

हा उशीर म्हणजे या विषयाची नाडी. हवेतून आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाला, एका मिलिसेकंदाला, सुमारे 34 सेंटिमीटर. दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ॲम्पपासून जवळपास साडेतीन मीटर लांब उभं राहून वाजवण्यासारखं. तेवढं बोटांना चालतं. त्याच्या दुप्पट-तिप्पट झालं की ताल सुटायला लागतो, आणि मुलांना वाटतं आपल्यालाच येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये बफर नावाचा आकडा असतो, तो लहान ठेवला की उशीर कमी होतो. 48,000 च्या वेगावर 128 बफर म्हणजे सुमारे 2.7 मिलिसेकंद, 512 म्हणजे 10.7. हा फक्त एका टप्प्याचा उशीर. आत जाताना आणि बाहेर येताना मिळून तो वाढतो. पण आकडा फार लहान केला तर जुना लॅपटॉप धापा टाकतो आणि आवाजात तडतड येते. विंडोजवर पेटीच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर घालायला विसरू नका, अर्धा त्रास तिथेच संपतो. सांगायचं हे की नवं महागडं सॉफ्टवेअर आपल्या जुन्या लॅपटॉपवर चालतं का, हे विकत घेण्याआधी घरीच वाजवून पाहावं. जाहिरातीतला लॅपटॉप आपला नसतो.

पेटी आणि हेडफोनचे पैसे मुलानं पाठवले. सॉफ्टवेअर मात्र नातीनं स्वतःच्या पैशांतून घ्यायचं ठरलं. वाढदिवसांचे आणि दहावीच्या बक्षिसांचे मिळून तिच्याकडे 12,000 रुपये होते. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, सगळ्यात मोठं पॅकेज घेऊन टाक, वरचे पैसे मी देतो, विषय मिटेल." मी म्हटलं, "विषय मिटवायचा नाहीये रे, गिटार वाजायला हवी आहे." आणि नातीला म्हटलं, पैसे तुझे, निवड तुझी, हिशेब मी मांडते.

तिच्या मनात चाळीसहून जास्त ॲम्पचं एक पॅकेज भरलं होतं. मला आमचं बी.कॉम.चं दुसरं वर्ष आठवलं. अर्थशास्त्राला मार्शल होता, ॲल्फ्रेड मार्शल, ज्याचं मोठं पुस्तक 1890 चं. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम आम्ही त्याच्या नावानं घोकला होता. पहिली पुरणपोळी अमृत, चौथी बरी, सातवी नको. नात हसायला लागली, कारण तिचा मार्शल वेगळा. लंडनमध्ये वाद्यांचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलनं 1962 मध्ये ज्या ॲम्पचा धंदा सुरू केला, तो. आज जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या ॲम्पची नक्कल असते. मी म्हटलं, तुझ्या मार्शलला माझ्या मार्शलचा नियम लावून बघू. चाळिसावा ॲम्प तुला किती आनंद देतो ते वहीत लिहू.

बाजारात मला चार तऱ्हा दिसल्या. पहिली, पूर्ण मोफत. ॲपलचा संगणक किंवा आयपॅड असेल तर गॅरेजबँडमध्ये ॲम्प आधीच असतात, काही घ्यावं लागत नाही. न्यूरल ॲम्प मॉडेलर हेही मोफत. खऱ्या ॲम्पवरून लोकांनी तयार केलेल्या फायली त्यात घालायच्या आणि वाजवायचं. दुसरी तऱ्हा, मोठ्या पॅकेजचा छोटा मोफत तुकडा. गिटार रिग आणि ॲम्प्लिट्यूब यांच्या अशा मोफत आवृत्त्या आहेत. तिसरी, एकदा पैसे भरून कायमचं. न्यूरल डीएसपीसारख्या काही कंपन्या 14 दिवस फुकट वापरून बघू देतात. चौथी, महिन्याच्या भाड्याची.

आम्ही चार निवडली आणि प्रत्येकाला एक आठवडा दिला. वहीत रोज चार रकाने भरायचे. लॅपटॉप सुरू केल्यापासून पहिला सूर निघेपर्यंत किती मिनिटं. मदतीला कुणाला हाक मारावी लागली का. किती मिनिटं वाजवलं आणि किती मिनिटं नुसती बटणं फिरवली. आणि त्या दिवशी किती ॲम्प खरोखर वापरले.

महिन्याभरानं वही बोलायला लागली. सर्वांत मोठी यादी असलेल्या सॉफ्टवेअरवर पाऊण तासाच्या बैठकीत अर्धा तास ॲम्प बदलण्यात जात होता. साडीच्या दुकानात ढीग उलगडत राहावं आणि हात हलवत घरी यावं, तसं. एका मोफत सॉफ्टवेअरचा आवाज तिला सर्वांत आवडला, पण त्यासाठी फायली शोधायच्या, पेटीची फाइल वेगळी जोडायची, सूर जुळवायला आणखी काहीतरी वेगळं उघडायचं. दोन संध्याकाळी ती शोधण्यातच गेल्या. एकाची खिडकी मोठी करता येत नव्हती, अक्षरं मुंगीएवढी, तिचेही डोळे दुखले. चौथ्यात ॲम्प तीनच. पण पडद्यावर मोठी बटणं, खऱ्या ॲम्पसारखी. सूर जुळवायचा ट्यूनर आणि तालाचा मेट्रोनोम त्याच खिडकीत. न वाजवताना येणारी घरघर बंद करणारं बटणही समोरच. लॅपटॉप उघडल्यापासून चौथ्या मिनिटाला ती वाजवत होती.

आणि चाळीस ॲम्पवाल्या आठवड्यात तिनं पुन्हा पुन्हा उघडलेले ॲम्प किती? तीन. एक स्वच्छ आवाजाचा, एक जरासा फाटलेला, एक जोरदार. बाकीचे एकदा पाहून बंद. परिग्रह-परिमाणाचं व्रत आपण सोन्या-कपड्यांना लावतो. न दिसणाऱ्या वस्तूंनाही ते लागू पडतं, असं मी तिला म्हटलं नाही. तिनंच वहीत खाली लिहिलं, 'चारपेक्षा जास्त ॲम्प नकोत.'

आता किमतीचं. ही सॉफ्टवेअर बहुतेक डॉलरमध्ये असतात आणि दिसणारा आकडा शेवटचा नसतो. समजा किंमत 100 डॉलर आणि डॉलर 85 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी लागला की 118 डॉलर, म्हणजे 10,030 रुपये. बँकेनं परदेशी व्यवहाराचे 3.5 टक्के घेतले तर 351 रुपये, आणि त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी 63 रुपये. एकूण 10,444. साडेआठ हजारांची वस्तू साडेदहा हजारांच्या घरात गेली. बँकेप्रमाणे टक्के बदलतात, म्हणून आपल्या कार्डाचे विचारून घ्या.

भाड्याचा हिशेब याच मापानं केला. महिन्याला 10 डॉलर ऐकायला किरकोळ. तीन वर्षांचे 360 डॉलर, आणि वरचे सगळे कर-शुल्क धरून जवळपास 37,600 रुपये. परीक्षेच्या महिन्यांत गिटारला हात लागत नाही, भाडं मात्र चालूच. तीन वर्षांनी हातात काही उरत नाही. दोन-चार महिन्यांचं काम असेल तर भाडं परवडतं, शिकणाऱ्या मुलाला नाही.

एकदाच पैसे भरायच्या वस्तूवर आम्ही कॉलेजात शिकलेली घसाऱ्याची सरळ रेषा पद्धत लावली. आयुष्य तीन वर्षं धरलं, वर्षाला 200 बैठका. तीनच ॲम्पच्या त्या सॉफ्टवेअरची किंमत 100 डॉलरच होती. 10,444 भागिले 600, म्हणजे बैठकीला साधारण 17 रुपये. पण नोव्हेंबरात ब्लॅक फ्रायडेच्या सुमाराला अशा सॉफ्टवेअरवर मोठ्या सवलती लागतात, हे नातीला ठाऊक होतं. सप्टेंबर संपत आला होता. ती म्हणाली, दोन महिने मोफतवर वाजवते, थांबूया. घाई न करणं हे सतरा वर्षांच्या मुलीला जमलं, याचं मला सॉफ्टवेअरपेक्षा जास्त कौतुक वाटलं. नोव्हेंबरात ते निम्म्या किमतीत मिळालं. सगळं धरून 5,222 रुपये, बैठकीला 9 रुपयांच्या आत. उरलेले 6,778 तिच्या खात्यात आहेत.

त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दरवर्षी नव्या आवृत्त्या येतात आणि तुमच्याकडचा लॅपटॉप वेगळा असतो. नावापेक्षा पुढचे प्रश्न टिकाऊ आहेत. पैसे भरण्याआधी ते विचारा.

फुकट वापरून बघता येतं का, आणि मुदत संपल्यावर पैसे आपोआप तर कापले जात नाहीत ना? किती संगणकांवर चालतं? लॅपटॉप बदलला तर परवाना नव्यावर नेता येतो का? इंटरनेट नसताना उघडतं का? पुढची मोठी आवृत्ती आली की पुन्हा पैसे लागतात का, आणि नाही भरले तर जुनी चालू राहते का? स्वतंत्र उघडतं की आधी दुसरं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर लागतं? नको वाटलं तर दुसऱ्याला विकता येतं का? खातं कुणाच्या नावावर आहे? मूल लहान आणि कार्ड आजोबांचं असेल तर ईमेल आणि पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवा. आमच्या तिजोरीत सोन्याच्या पावत्यांसोबत आता तेही पान आहे.

आणि एक प्रश्न मुलाला विचारायचा, दुकानदाराला नाही. यातलं काय तू उद्या वाजवणार आहेस?

गिटार आता पिशवीत नसते, भिंतीवर असते. नोव्हेंबर ते जानेवारी या तीन महिन्यांत वहीत 52 बैठका आहेत. पोरगी जेवताना पुन्हा बोलते, कधी कधी जरा जास्तच.

पण या सगळ्याची एक किंमत कुठल्याच रकान्यात लिहिलेली नव्हती. हेडफोन लावल्यापासून घरात तिचं वाजवणं कुणालाच ऐकू येत नाही. रात्री मी पाणी प्यायला उठते तेव्हा दाराच्या फटीतून तिची हलणारी बोटं तेवढी दिसतात, आवाज शून्य. शांतता आम्हीच मागितली होती, ती मिळाली. तरी मला ते रुचेना. नातवंड शेजारच्या खोलीत असून लांब गेल्यासारखं वाटायचं.

म्हणून रविवारी दुपारी चार ते साडेचार हेडफोन काढायचा, असं ठरवलं. लॅपटॉपची वायर दिवाणखान्यातल्या जुन्या स्पीकरला लावतो. खालचं बाळ तेव्हा जागं असतं, त्याची आई त्याला घेऊन वर येते. हे पहिल्या रविवारी वर्तमानपत्र समोर धरून बसले होते. परवा त्यांनी ते घडी घालून बाजूला ठेवलं आणि विचारलं, "तो स्वच्छ आवाजवाला ॲम्प आज नाही का लावलास?"

तीनांतला नेमका कोणता, हे त्यांना कळायला लागलंय.